बाटलीसाहेबांचा नमुना

बाटलीसाहेबांचं काम एका वाक्यात सांगता येत असे. अडचण एवढीच होती की ते वाक्य चारचौघांत उच्चारता येत नसे. देशातले धावपटू, पोहणारे, नेमबाज आणि वजनं उचलणारे लघवीला जातात तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं, आणि जे बाटलीत पडतं आहे ते त्यांचंच आहे व त्यांच्यातूनच येतं आहे, याची शासनाच्या वतीनं खात्री करून घ्यायची, हे ते काम. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेत ते वरिष्ठ नमुना अधिकारी होते. खेळाडू त्यांना पाठीमागे बाटलीसाहेब म्हणत. पुढे पुढे समोरही म्हणू लागले आणि शेवटी बाटलीसाहेब स्वतःच फोन उचलून "बाटली बोलतोय" म्हणायला लागले.

घरात या कामाला नाव नव्हतं. बायको शेजारणींना "ते लॅबमध्ये असतात" एवढंच सांगायची. सासूबाई जरा पुढे जाऊन म्हणायच्या, "आमचे जावई खेळखात्यात आहेत. मोठमोठ्या खेळाडूंना अगदी जवळून ओळखतात." हे विधान सासूबाईंना वाटत होतं त्याहून कितीतरी अधिक खरं होतं. लेकीनं मात्र पहिलीत असताना बाईंनी विचारल्यावर भर वर्गात सत्य सांगून टाकलं होतं, आणि खोटं बोलल्याबद्दल तिला कोपऱ्यात उभं राहावं लागलं होतं.

खुद्द बाटलीसाहेबांना कामाची लाज नव्हती. उलट अभिमानच होता. देशाची इभ्रत त्या दोन लहान बाटल्यांत असते, असं ते नव्या लोकांना शिकवताना सांगत. संस्थेची 'माहीत नव्हतं, हे उत्तर नव्हे' ही पुस्तिका त्यांनीच लिहिली होती. तिचं सार असं, की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. ते कुणी दिलं, का दिलं, दुधातून दिलं की प्रेमानं दिलं, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही.

हा नियम त्यांनी कुणाकुणाला ऐकवला याची गणती नव्हती. पण त्यातला एक जण त्यांच्या लक्षात राहिला होता. अडथळ्यांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रमवीर. पाय इतके लांब की सगळे त्याला नाकतोडा म्हणत. त्याच्या नमुन्यात खोकल्याच्या औषधातलं एक बंदी असलेलं द्रव्य सापडलं, तेव्हा तो भेटायला आला होता आणि टेबलासमोर खुर्ची असूनही उभाच राहिला होता.

"साहेब, रात्रभर खोकत होतो. आईनं चमचाभर पाजलं. बाटली पण दाखवतो."

"आई आपल्या प्रतिबंधित यादीत नाही," बाटलीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण आईनं पाजलेलं आहे."

"एक चमचा, साहेब. त्यानं कुणी जोरात पळतं का? उलट गुंगीच येते."

"गुंगीत एवढं पळालास, तर शुद्धीत किती पळशील! दोन वर्षांनी ये. बघू."

नाकतोडा हसला नाही. दोन वर्षांनी तो आला, पण तोवर त्याचे गुडघे निवृत्त झाले होते. विक्रम तेवढा त्याच्या नावावर राहिला, कारण तो बंदीच्या आधीचा होता. पुढे संस्थेच्या सुनावणी मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून त्याचीच नेमणूक झाली. चुकलेल्यांनाही आम्ही पंखाखाली घेतो, हे जगाला दाखवायला संस्थेला एक चुकलेला हवाच होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात जागतिक संघटनेचा एक निरीक्षक येऊन गेला. त्यानं दोन दिवस चहा घेतला, सगळ्यांशी हात मिळवले आणि जाताना अहवालात एकच वाक्य लिहिलं: 'या देशात दोषी फार कमी सापडतात, याचा अर्थ एक तर इथले खेळाडू झोपेत खेळतात किंवा संस्था झोपेत तपासते.'

संचालकांनी तातडीची बैठक बोलावली. संचालक हे रुंद खांद्यांचे, काळ्याभोर केसांचे आणि ठाम मतांचे गृहस्थ होते. मत कुठलंही असो, ते ठाम असे.

"आपल्याला उदाहरण घालून द्यायचंय," ते म्हणाले. "सुरुवात घरापासून. यंदाचा आपला वार्षिक कर्मचारी क्रीडादिन पूर्ण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होईल. प्रत्येक विजेत्याची चाचणी. जगातल्या कुठल्याही संस्थेनं स्वतःची चाचणी घेतलेली नाही."

"का घेतली नसेल, साहेब?" कुणीतरी मागून विचारलं.

"हिंमत नाही," संचालक म्हणाले. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या बाटलीसाहेबांनी वाजवल्या. तत्त्वाची गोष्ट होती.

नियम पूर्ण लावायचे तर कर्मचारी हे आधी खेळाडू ठरायला हवे होते. तसं परिपत्रक निघालं. खेळाडू झाल्यावर प्रत्येकानं रोजच्या दिवसातला एक तास असा कळवायचा होता, ज्या तासात तो ठरलेल्या जागी हमखास सापडेल. म्हणजे न सांगता जाऊन नमुना घेता येतो. झाडून सगळ्यांनी जेवणाची सुट्टी कळवली. कचेरीच्या वेळात आपण कुठे असू, हे छातीठोक सांगायला कुणीच धजावलं नाही.

क्रीडादिन उजाडला. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, रस्सीखेच आणि शेवटी वेगानं चालण्याची शर्यत. बाटलीसाहेबांनी आयुष्यात कुठल्याही शर्यतीत भाग घेतला नव्हता. शाळेत ते कायम पंचांच्या शेजारी शिट्टी सांभाळत उभे असायचे. पण बायको म्हणाली, "जा की. पाय सुजतात म्हणून कुरकुरता, जरा चाला." म्हणून ते चालले.

मैदानाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत बाटलीसाहेब शेवटून तिसरे होते. दुसऱ्या फेरीत हिशेबनीसाच्या पोटरीत गोळा आला, भांडारपालाची चप्पल तुटली, आणि संचालक फोन आला म्हणून वाटेतच एका झाडाखाली थांबले. पुढे उरला तो एकटा लिटमस. लिटमस हा त्यांचा हाताखालचा अधिकारी. समोर जो उभा असेल त्याप्रमाणे चेहऱ्याचा रंग बदलायचा, म्हणून हे नाव. आपल्या मागे साक्षात वरिष्ठ येत आहेत हे कळताच लिटमसचे पाय आपोआप मंदावले. बाटलीसाहेब पहिले आले.

ते सोनेरी रंगाचा प्लॅस्टिकचा चषक घेऊन पायरीवर उभे होते. लेक शिट्ट्या मारत होती. बायकोनं फोटो काढला, तो हलला, तिनं पुन्हा काढला. बाटलीसाहेबांनी चषकाआड चेहरा लपवून डोळे पुसले आणि त्यांना थोडी शरमही वाटली. पदक घेताना पोरं का रडतात, हे त्यांना कधी समजलं नव्हतं. ते नेहमी पायऱ्यांच्या मागच्या बाजूला बाटल्या घेऊन उभे असायचे आणि हा कार्यक्रम लवकर आटपावा एवढीच त्यांची इच्छा असायची.

पायरीवरून उतरले तर खाली लिटमस उभा होता. छातीवर ओळखपत्र, हातात बाटल्या.

"सर, चाचणीसाठी आपली निवड झालेली आहे," तो म्हणाला. "आता नमुना देईपर्यंत आपण माझ्या नजरेआड व्हायचं नाही."

"अरे, पण दुसरा तर तूच आलास. तूच कसा चाचणी घेणार?"

"सर, बाकीचे अधिकारी रस्सीखेचीत जिंकलेत. त्यांच्या चाचण्या चालू आहेत."

नियंत्रण कक्षाची व्यवस्था बाटलीसाहेबांनीच बसवलेली होती. समोर आरसा, बाजूला आरसा, मधोमध खेळाडू. शर्ट छातीपर्यंत वर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत खाली. आजवर या खोलीत ते फक्त एकाच जागेवर उभे राहिले होते. दुसऱ्या जागेवरून खोली फार प्रशस्त आणि फार गार वाटली. लिटमस समोर उभा राहिला आणि शिकवल्याप्रमाणे एकटक बघू लागला.

काही झालं नाही.

"सर, मनावर घेऊ नका," लिटमस म्हणाला. "नळ सोडू का?"

नळ सोडायची युक्ती बाटलीसाहेबांचीच. लिटमसनं नळ सोडला. नळाला आलं, साहेबांना नाही. मग शीळ घालून झाली. मग डोळे मिटून धबधब्याचा विचार करून झाला. प्रत्येक वेळी डोळे उघडले की समोर दोन आरशांतून चार लिटमस बघत होते. शेवटी पॅन्ट वर करून दोघं बाहेर येऊन बसले आणि बाटलीसाहेब सीलबंद पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या पिऊ लागले. हेही चुकलं. कारण बऱ्याच वेळानं जेव्हा जमलं, तेव्हा इतकं पाणी झालेलं होतं की लिटमसनं ते मोजणीच्या यंत्राखाली धरलं आणि मान हलवली.

"फार पातळ आहे, सर. नियमात बसत नाही. दाट होईपर्यंत थांबावं लागेल. आता पाणी पिऊ नका."

"आत्तापर्यंत तूच पाज पाज पाजलंस ना!"

"पुस्तिकेत आहे, सर. पान सातवर. 'आधी पाजावे, मग थांबवावे.'"

मैदान रिकामं झालं होतं. मांडव सोडणारे खुर्च्या रचत होते. बायको दाराशी आली.

"अहो, अजून किती वेळ?"

"मी चाचणीत आहे."

"मग काय, नापास झालात?"

"अजून पेपरच दिला नाही," बाटलीसाहेब म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. त्यांना एकदम आठवलं, की एकदा एका सायकलपटूला त्यांनी असंच बसवून ठेवलं होतं, त्या मुलाची गाडी चुकली होती, आणि आपण घरी येऊन हसत हसत तो किस्सा सांगितला होता. किस्सा चांगला रंगला होता.

चाचण्यांचे निकाल आले तेव्हा संस्थेत सुतकी शांतता पसरली.

लिंबू-चमच्यात पहिला आलेला हिशेबनीस दोषी होता. छातीत धडधडतं म्हणून तो जी गोळी घेई, तिनं हात थरथरायचे थांबतात, आणि ज्या खेळात हात स्थिर लागतो त्या खेळांत तिला बंदी आहे. लिंबू-चमचा हा त्यातलाच खेळ ठरला. संगीत खुर्ची जिंकणाऱ्या स्वागतिकेच्या अंगात सर्दीची गोळी सापडली. रस्सीखेचीचा अख्खा संघ व्यायामशाळेतल्या एकाच डब्यातली पावडर खात होता. आणि बाटलीसाहेबांच्या नमुन्यात सापडलं लघवी साफ होण्याचं औषध.

बाटलीसाहेब सकाळी चहाबरोबर एक पांढरी गोळी घेत. रक्तदाब वाढतो आणि पायांवर सूज येते, म्हणून डॉक्टरांनी कित्येक वर्षांपूर्वी सुरू केलेली. बायको बशीत ठेवी, ते गिळत. तिचं नाव त्यांनी कधी वाचलं नव्हतं. औषधं लपवण्यासाठी खेळाडू हीच गोळी घेतात, शरीर धुऊन काढतात, म्हणून तिला कडक बंदी आहे, यावर ते दरवर्षी तासभर व्याख्यान देत. व्याख्यान सकाळी असे. गोळी घेऊनच जात.

"पण ती लघवीची गोळी घेऊनसुद्धा त्या दिवशी मला लघवी झाली नाही!" ते लिटमसला म्हणाले. "हा पुरावा धरता येणार नाही का?"

लिटमसला उत्तर द्यायला सवड नव्हती. पहिला बाद झाल्यामुळे दुसरा, म्हणजे तोच, विजेता ठरला होता, आणि विजेत्याची चाचणी बंधनकारक होती. त्याच्या अंगात पोट कमी करणाऱ्या चहातलं काहीतरी सापडलं. तोही बाद. मग तिसऱ्याची चाचणी झाली, मग चौथ्याची. कुणी गुडघ्याला सुई घेतलेली, कुणी केस उगवायला काही खाल्लेलं. असं करत करत शर्यतीतले सगळे बाद झाले आणि शेवटी उरले संचालक, जे फोन आला म्हणून अर्ध्या वाटेतच थांबले होते.

त्यांचा नमुना मात्र स्वच्छ निघाला. प्रयोगशाळेनं तर शेरा मारला, की इतका निर्मळ नमुना आजवर पाहिलेला नाही. यात औषध नाही, साखर नाही, क्षार नाहीत, आणि मनुष्याचाही अंश आढळत नाही. तो नमुना त्यांनी बंद दाराआड, वॉशबेसिनच्या नळाशेजारी दिला होता, असं लोक कुजबुजत. पण नियमानं पाणी स्वच्छच असतं. चालण्याच्या शर्यतीचा चषक संचालकांना देण्यात आला.

इथवर सगळ्यांना वाटत होतं की संस्थेची अब्रू गेली. झालं उलटंच. एका वर्षात इतके दोषी पकडणारी दुसरी संस्था जगात नव्हती. जागतिक संघटनेनं जाहीर कौतुक केलं. निरीक्षकानं शुभेच्छा पाठवल्या. आता प्रकरण मिटवणं शक्यच नव्हतं, कारण ते यश होतं.

बाटलीसाहेबांची सुनावणी मंडळासमोर झाली. मध्ये निवृत्त न्यायाधीश, उजवीकडे डॉक्टर आणि डावीकडे लांब पाय टेबलाखाली कसेबसे कोंबून बसलेला नाकतोडा.

"गोळीबद्दल काय सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाटलीसाहेबांनी रात्रभर तयारी केलेली होती. कायदेशीर भाषेतली दोन वाक्यं पाठ होती. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मला माहीत नव्हतं."

न्यायाधीशांनी समोरची पुस्तिका उचलली, मुखपृष्ठ बाटलीसाहेबांकडे वळवलं आणि पुन्हा खाली ठेवली.

"गोळी उत्तम आहे," डॉक्टर मध्येच म्हणाले. "मी स्वतः घेतो. तुम्ही शर्यतीत चालला नसतात तर निर्दोष आणि निरोगी दोन्ही राहिला असतात."

"एक वाट आहे," न्यायाधीश म्हणाले. "गोळी तुमच्या नकळत दुसऱ्यानं दिली असं सिद्ध झालं, तर शिक्षा निम्मी होते. ती कोण देत होतं?"

बायको साक्षीला आली होती. ती ताडकन उठली.

"मी देत होते. रोज सकाळी. न चुकता."

"बाई, विचार करून बोला," न्यायाधीश दचकून म्हणाले. "खेळाडूला बंदी असलेलं द्रव्य पुरवणाऱ्याला त्याच्यापेक्षा मोठी शिक्षा असते. आजन्म बंदीसुद्धा होते."

"कशावर बंदी?" बायकोनं विचारलं. "चहा करण्यावर? घालाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी सरकारी माणूस माझ्या उपयोगाचं बोलला."

नाकतोड्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. बाटलीसाहेबांनी बायकोचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तिचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "अंग माझं आहे. जबाबदारी माझी."

सुनावणी संपल्यावर नाकतोडा बाहेरच्या बोळात त्यांच्याजवळ आला. बाटलीसाहेबांना वाटलं, आता हा हिशेब चुकता करणार. त्यांनी मनाची तयारी केली.

"साहेब, मी तुमच्या बाजूनं मत दिलं," नाकतोडा म्हणाला. "पण दोन विरुद्ध एक झालं."

"माझ्या बाजूनं? का रे?"

"तुम्ही खरं बोलत होतात म्हणून. त्या दिवशी मीही तेवढंच खरं बोलत होतो."

बाटलीसाहेबांना काहीतरी म्हणायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं बहुधा. पण नोकरीत हा शब्द तोंडी वापरायची पद्धत नव्हती, आणि ऐन वेळी तो सापडला नाही. "गुडघे कसे आहेत?" असं त्यांनी विचारलं. "आहेत," नाकतोडा म्हणाला.

बंदी दोन वर्षांची झाली. कुठल्याही खेळात, कुठल्याही मैदानात, कुठल्याही क्रीडासंस्थेत पाऊल ठेवायचं नाही. उत्तेजकविरोधी संस्था ही क्रीडासंस्थाच असल्यामुळे कचेरीतही यायचं नाही. पण बंदीच्या काळातही खेळाडूनं स्वच्छ राहायचं असतं, आणि ते तपासायला कुणी कधीही येऊ शकतं, म्हणून सकाळचा एक तास घरी हजर राहायचं.

स्वच्छ राहायचं म्हणजे गोळी बंद. आठवड्याभरात पावलं सुजून चपलेत मावेनात. डॉक्टर म्हणाले, "गोळी घ्या, नाहीतर हृदयावर ताण येईल." आजारी खेळाडूला औषधाची खास सवलत देणारी एक समिती संस्थेत होती. बाटलीसाहेबांनी अर्ज केला. उत्तर आलं की समितीची बैठक फक्त सचिव बोलावू शकतात, आणि सचिवांवर सध्या बंदी आहे. सचिव तेच होते.

रोज सकाळी ते अंघोळ करून दाराजवळच्या खुर्चीत बसत. पाय स्टुलावर. कुणी येत नव्हतं. येणार कोण? लिटमसवर बंदी, रस्सीखेचीच्या संघावर बंदी. नमुना घेण्याचा अधिकार असलेला एकही माणूस संस्थेत उरला नव्हता. नवी भरती करायची तर निवड समिती हवी, आणि तीही संगीत खुर्चीत एकामागून एक बाद झालेली होती. एकटे संचालक तेवढे कचेरीत येत, सत्कार स्वीकारत आणि घरी जात.

"अहो, घ्या ती गोळी," बायको म्हणाली. "पाय बघा, खांब झालेत."

"नियम आहे."

"चाचणी घ्यायला येतंय कोण?"

हा प्रश्न बाटलीसाहेबांना बोचला. याच प्रश्नावर जगभरातले लबाड खेळाडू जगतात, हे ते व्याख्यानात सांगत. ते रागावून आत गेले. पण प्रश्न मागोमाग आत आला. दुसऱ्या दिवशी हजेरीचा तास संपल्यावर त्यांनी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला, स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरं उभं राहून गोळी गिळली आणि वर पाणी प्यायले. चोरून केलेली गोष्ट इतकी गुणकारी असते, हे त्यांना या वयात कळलं. चौथ्या दिवशी चप्पल पायात गेली. पाचव्या दिवसापासून त्यांनी पडदा ओढायचं सोडून दिलं.

आणि मग जागतिक स्पर्धा आल्या.

देशाच्या खेळाडूंनी कमाल केली. पहिल्याच दिवशी दोन पदकं, मग चार, मग मोजदाद अवघड झाली. जे कालपर्यंत पात्रता फेरीत दमत होते ते अंतिम फेरीत हसत होते. एका दुपारी अडथळ्यांची शर्यत होती. बाटलीसाहेबांच्या घरी टीव्ही मोठा होता म्हणून शेजारीपाजारी जमले होते. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या जावयांच्या हाताखालून गेलेली पोरं आहेत ही." लेक जमिनीवर पुढे सरकून बसली होती.

आपला गडी नवा होता, अगदी कोवळा. बाटलीसाहेबांनी त्याला गेल्या वर्षी पाहिलेलं होतं; हडकुळा, मान बारीक. आता टीव्हीवर मान दिसत नव्हती. जबडा रुंद झाला होता. खांद्यांवर, बाटलीसाहेबांच्या व्याख्यानातल्या उत्तेजकांच्या चित्रांत असे तसंच, लाल पुरळ उठलेलं होतं. बंदूक वाजली, पोरगा सुटला आणि अडथळे जणू रस्त्यात कुणी विसरून गेलेलं सामान असावं तसे ओलांडत गेला. सुवर्णपदक. नवा राष्ट्रीय विक्रम. नाकतोड्याचं नाव पडद्यावरून पुसलं गेलं आणि घरात एकच जल्लोष झाला.

फोन वाजला.

"साहेब, बघताय ना?" नाकतोडा विचारत होता.

"बघतोय."

"खांदे बघितलेत त्याचे?"

बाटलीसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. लेक उड्या मारत होती. बायकोचे डोळे पाणावले होते. वर्षानुवर्षं ज्यांनी त्यांना नुसतं "कसं काय" विचारलं होतं ते शेजारी त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. बायकोनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली: आत्ता नको.

"छान पळाला," बाटलीसाहेब म्हणाले.

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"हो," नाकतोडा म्हणाला. "छानच पळाला."

फोन ठेवला तर शेजारच्या काकांनी त्यांचा दंड धरला. "का हो, तुम्ही त्याच खात्यात होतात ना? ही मुलं सगळी तपासून पाठवलेली असतात ना?"

"अगदी काटेकोर," बाटलीसाहेब म्हणाले.

काकांना हेच ऐकायचं होतं. त्यांनी समाधानानं मान डोलावली. टीव्हीवर तीच शर्यत पुन्हा, संथ गतीत दाखवू लागले, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाटलीसाहेबांनी खाली पाहिलं तर त्यांचेही हात वाजत होते. ते तसेच टाळ्या वाजवत गॅलरीत आले. खालच्या दुकानातून, समोरच्या इमारतीतून, वरच्या मजल्यावरून, सगळीकडून तोच आवाज येत होता. एखाद्या तरी घरात शांतता असेल, एखादा तरी माणूस हात आवरून बसला असेल, म्हणून ते कान देऊन ऐकत राहिले. तसं घर सापडेना. तुमच्या घरातून येणाऱ्या टाळ्या तर, खोटं कशाला बोला, सगळ्यांत मोठ्या होत्या.